धुरातली घट

सुट्टीवर आल्यापासून विजयसिंहने बारामतीत तीन ठिकाणी बार्बेक्यू खाल्लं आणि तिन्ही ठिकाणी त्याच्या ताटात मेयोनीज आलं. पहिल्या हॉटेलात टेबलाच्या मधोमध शेगडी होती आणि तिच्यावर पनीर. दुसऱ्या हॉटेलात तंदुरी चिकनलाच बार्बेक्यू म्हणत होते. तिसऱ्या ठिकाणी वेटरने आपणहून कबूल केलं, "सर, बार्बेक्यू फक्त संडेला असतं. बाकीच्या दिवशी त्या जाळीवर आम्ही कपडे वाळत घालतो."

चुलतभाऊ दीपक प्रत्येक वेळी गाडी चालवायला असायचा आणि प्रत्येक वेळी पोटभर जेवायचा.

"तुला नेमकं पायजे काय, ते एकदा सांग," तो म्हणाला. "एवढं चांगलं तर हुतं."

विजयसिंह नऊ वर्षांपासून टेक्सासमध्ये नोकरीला होता. त्याने परत एकदा सांगितलं. मांसाचे मोठे तुकडे. मसाला नाही, मीठ आणि जाडसर कुटलेली मिरी. आगीवर भाजायचं नाही. आग एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, आणि मधे फक्त धूर. आठ तास, दहा तास, कधी बारा.

"बारा तास?" दीपक म्हणाला. "तवर मानसं काय खात्यात?"

"वाट बघतात."

"मग खुळीच हायत की."

विजयसिंहने पुन्हा हा विषय काढायचा नाही असं ठरवलं. पुढच्या आठवड्यात त्याच्या मुलाचं, सार्थकचं जावळ होतं. पणदऱ्याला मळ्यातल्या लक्ष्मीआईपुढे पोराचे पहिले केस उतरवायचे, बोकड दाखवायचं आणि भावकीला जेवण घालायचं, हा घरचा रिवाज. आमंत्रणं द्यायला दोघे इंदापूरला गेले होते. येताना निमगाव केतकीच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली, दीपकने काच खाली केली आणि विजयसिंह एकदम ताठ बसला.

"गाडी थांबव."

"का? मळमळतंय का?"

"थांबव म्हणतो ना."

वास ओळखीचा होता. किंचित गोडसर, उग्र, कपड्यांत बसून राहणारा. टेक्सासमध्ये मेस्कीटच्या लाकडाचा असा वास येतो. इथे तो रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमागून येत होता. शेडवर पाटी होती: 'हॉटेल टेक्सास. शुद्ध मांसाहारी.' आणि खाली, वरच्यापेक्षा मोठ्या अक्षरात: 'बाहेरचे मटण बनवून मिळणार नाही.'

आत चार टेबलं होती. तीन रिकामी. चौथ्यावर बसलेल्या दोघांचं गल्ल्यावरच्या बाईशी वाजलं होतं.

"वहिनी, ह्ये कच्चं हाय. आतनं लाल दिसतंय."

"लाल न्हाय, गुलाबी हाय. धुरानं तसं हुतंय. बोटानं दाबून बघा, हाडापासनं सुटतंय का न्हाय?"

"सुटतंय, पण कच्चं हाय. आन् वरनं करपलंय. एकाच तुकड्यात कच्चं आन् करपल्यालं, ह्ये जमवलं कसं तुमी?"

"बरं, रस्सा तरी द्या," दुसरा म्हणाला.

"रस्सा नसतो."

"मटणाच्या हाटेलात रस्सा नसतो?"

बाई गल्ल्यातली चिल्लर मोजायला लागली. हे उत्तर ती रोज देत असावी आणि आज तिला कंटाळा आला असावा. तिचं नाव सुकन्या. तिने विजयसिंहपुढे ताट ठेवलं तेव्हाच सांगून टाकलं, "वरची काळी खपली करपल्याली न्हाय. आतलं कच्चं न्हाय. रस्सा न्हाय. मग म्हणू नका, सांगितलं न्हाय."

विजयसिंहने पहिला घास घेतला आणि दीपककडे न बघता सगळं ताट संपवलं. खपलीचा चुरा राहिला होता, तो बोटाने टिपून खाल्ला. सुकन्या गल्ल्यावरून बघत होती. तिने मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "अहो, जरा बाहेर या. एकानं खपली खाल्ली."

मागून आलेल्या माणसाचे हात कोपरापर्यंत काळे होते. हा सिद्धू. घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं, पण सिद्धूने लहानपणीच वेल्डिंगची कांडी हातात धरली होती आणि त्या कांडीच्या जोरावर तो चार वर्षं ह्यूस्टनजवळच्या एका पाइपच्या यार्डात काम करून आला होता. तिथल्या एका म्हाताऱ्या फोरमनने त्याला सुट्टीच्या दिवशी हे शिकवलं. परत येताना लोक टीव्ही आणतात. सिद्धूने तापमानाचा एक काटा आणला.

तो काटा मागच्या अंगणात एका आडव्या लोखंडी टाकीच्या झाकणात बसवलेला होता. टाकी पाण्याच्या जुन्या टँकरची. एका टोकाला जाळाची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं. बाजूला लाकडं रचलेली होती, वर्षभर वाळवलेली.

"वेडी बाभूळ?" विजयसिंहने विचारलं.

"व्हय. तिकडच्या मेस्कीटची सख्खी चुलत बहीण. मूळची तिकडचीच हाय, हितं येऊन येडी झाली." सिद्धू पहिल्यांदा हसला. "लोक म्हणत्यात, कुत्रं हुंगत न्हाय त्या लाकडावर मटण करतोय. न्या म्हणत्यात, फुकट न्या, तेवढाच बांध मोकळा व्हईल."

विजयसिंहने तिथेच, टाकीपाशी उभ्या उभ्या ठरवलं आणि बोलूनही टाकलं. जावळाचं बोकड इथे शिजवायचं. नऊ वर्षं तो काय खातो हे घरच्यांना कळू दे.

सिद्धूचं हसू गेलं. "पाटी वाचली न्हाय का दादा? बाहेरचं घेत न्हाय."

"का पण? सगळे ढाबे घेतात."

"मीबी घ्यायचो. आल्या आल्या हायवेला ढाबा टाकला हुता. पार्टीनं बोकड आणायचं, आपण करून द्यायचं. एका पार्टीची मांडी अशीच धुरावर केली. दिली ती केवढी, परत आली केवढी, ह्यावरनं भांडण. मांडी बदलली म्हणाले. मी सांगून दमलो, की बाबांनो, घटतंय. कोण ऐकतंय? मांडीचोर नाव पडलं. पोरीला शाळेत चिडवायची पोरं त्या नावानं. ढाबा मोडला आन् हिकडं आलो."

"ह्या वेळी जबाबदारी माझी," विजयसिंह म्हणाला.

"तुमी जावळ झालं की अमेरिकेला जाल," दारातून सुकन्या म्हणाली. "आमी हितंच हाय."

पण सिद्धू दारातून आत, विजयसिंहच्या रिकाम्या ताटाकडे बघत होता. दोन वर्षांत त्याच्या हॉटेलातलं प्रत्येक ताट खपली बाजूला खरवडून ठेवूनच परत आलं होतं. त्याने बायकोकडे बघितलं. सुकन्याने कपाळाला हात लावला.

"करा," ती म्हणाली. "पण त्यांचा माणूस हितं दिवसभर बसला पायजे. टाकीला पाठ लावून. उद्या आमच्यावर यायला नको."

वडिलांना पटवणं सोपं जाणार नव्हतं. आप्पासाहेब साखर कारखान्यावर तीन टर्म संचालक होते आणि त्यातला बराच काळ वजनकाट्याच्या तक्रारी त्यांच्याकडे येत. त्यामुळे म्हणा किंवा मुळातच म्हणा, ते घरात येणारी प्रत्येक वस्तू मोजत. पेंडीचं पोतं, दुधाची किटली, सोसायटीचं खत. मळ्यातल्या घराच्या ओट्यावर इलेक्ट्रॉनिक काटा कायमचा मांडलेला होता.

"रस्सा नसलेलं मटण," ते म्हणाले. "ते बी निमगावात. पणदऱ्यात चूल न्हाय का?"

दोन दिवस हे चाललं. शेवटी आईने तोड काढली. लक्ष्मीआईला दोन बोकडं दाखवायची. एक घरच्या पातेल्यात, रश्श्याचं. दुसरं पोराच्या हट्टासाठी.

"देवाचं बोकड हाय," आप्पासाहेबांनी बजावलं. "भावकीच्या तोंडातच गेलं पायजे. एक तुकडा बाहेर जाता कामा न्हाय."

"आप्पा, वजन मात्र कमी होणार हं. धुरात घटतं."

"घटतंयच की थोडं," आप्पासाहेब म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. विजयसिंहला वाटलं, झालं हे काम.

जावळाच्या दिवशी पहाटेच बोकडं पडली. खाटकाला मोठे तुकडे ठेवायला सांगितलं तर तो रागावला. माझ्या हाताला असली सवय नाही, म्हणाला, लोक म्हणतील सुरी बोथट होती. अखेर दोन मांड्या, पुढचे दोन फरे, बरगड्यांच्या दोन फळ्या आणि मान असं वेगळं निघालं. आप्पासाहेबांनी स्वतः काट्यावर ठेवलं. साडेचौदा किलो. ते पिकअपमध्ये गेलं आणि बरोबर गेणबा गेला. गेणबा तीस वर्षं घरचा गडी, आप्पासाहेबांच्या खालोखाल संशयी.

सार्थक मामाच्या मांडीवर बसून न्हाव्याच्या कात्रीकडे बघत रडत होता तेव्हा विजयसिंहचा फोन वाजला.

"दादा," सिद्धू म्हणाला, "ह्या तात्यांना सांगा, झाकण उघडू नका. आत्तापातूर चारदा उघडलं. दर खेपेला काटा खाली येतोय. असं केलं तर उद्या सकाळी जेवाल."

"दे त्यांना."

"बोला मालक," गेणबा म्हणाला.

"तात्या, झाकण कशाला उघडताय?"

"मोजायला. आप्पा म्हणालं, नजर ठेव. झाकणावर नजर ठिवून काय करू? नग आत हायत."

"ते आत टाकताना बघितलंत ना तुम्ही?"

"बघितलं."

"मग बाहेर कसे येतील?"

"ते मला काय ठाव? त्यासाठीच उघडून बघतोय."

सार्थकने त्याच वेळी मान हलवली, न्हावी ओरडला, मामाने विजयसिंहकडे रागाने बघितलं. विजयसिंह फोन घेऊन आंब्याखाली गेला. पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन. पुन्हा झाकण. या वेळी गेणबाचं म्हणणं होतं, एक फरा वळून पडल्यासारखा वाटला. तिसऱ्या फोनवर विजयसिंह म्हणाला, "तात्या, पिकअपला कुलूप आहे ना? ते काढा. झाकणाला लावा. किल्ली तुमच्या खिशात. मग तर झालं?"

पलीकडे किल्ल्या वाजल्या. मग गेणबा म्हणाला, "ह्ये आधी सुचलं असतं तर माझं हात पोळलं नसतं."

झाकणाला कुलूप लागलं. जाळाची पेटी वेगळी, तिला वेगळं दार, त्यामुळे सिद्धूचं काम अडत नव्हतं. दुपारी एकदा शिजलं किती हे बघायला त्याने किल्ली मागितली तेव्हा गेणबाने आधी आत सात नग मोजले आणि मगच त्याला हात लावू दिला. नंतर परत कुलूप. परत फोन आला नाही.

दिवस मावळताना पिकअप मळ्यात आली. ओट्यापुढचा मांडव भरला होता. माळेगाव, पिंपळीचे पाहुणे, भावकी, सगळे ऊसवाले. रश्श्याची पातेली चुलीवरून उतरली होती. पिकअपमधून गेणबा उतरला, मग सिद्धू आणि सुकन्या. सिद्धूने स्वच्छ पांढरा शर्ट घातला होता. मोठी परात भरून मांस त्याने फडक्यात गुंडाळून आणलं होतं. फडकं सोडल्यावर मांडवभर तो वास गेला आणि काही माना वळल्या. विजयसिंहला वाटलं, आता परात सरळ पंगतीकडे जाईल.

आप्पासाहेब म्हणाले, "काट्यावर ठेव."

काट्याने साडेआठ दाखवलं.

आप्पासाहेबांनी परात उचलायला लावली, काटा शून्यावर आणला, परातीचं वजन वगळलंय याची खात्री केली आणि पुन्हा ठेवायला सांगितली. साडेआठ.

"सहा किलो कुठं गेलं?"

"धुरात, आप्पासाहेब," सिद्धू म्हणाला. "पाणी आन् चरबी. मंद आचेवर एवढा येळ ठेवलं की घटतंय."

"किलोभर घटंल. दोन किलो घटंल. सहा?"

"आप्पा, तिकडेही एवढंच घटतं," विजयसिंह मधे पडला. "मी तुम्हाला आधीच म्हणालो होतो."

"तू थांब. तिकडचा काटा मी बघितला न्हाय. गेणबा, किल्ली कुणाकडं व्हती?"

"माझ्याकडं."

"दिवसभर?"

"दिवसभर. मुतायला गेलो तवाबी बरोबर."

"मग सहा किलो तू खाल्लं का?"

गेणबाचं तोंड उघडंच राहिलं. तीस वर्षांत त्याने याच घरासाठी लोकांवर संशय घेतला होता. तो आपल्यावर उलटू शकतो हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. "मी दुपारी चटणी-भाकर खाल्ली," तो म्हणाला. "घरनं नेल्याली. इचारा ह्या बाईला."

"आप्पा, नग सात गेले, सात आले," विजयसिंह म्हणाला. "मोजा."

"नग मोजून काय करायचं? मोठं काढून ल्हान ठेवलं तर नग तेवढंच राहत्यात."

हेच वाक्य सिद्धूने आधी एकदा ऐकलं होतं. विजयसिंहने त्याच्याकडे बघितलं. सिद्धू परातीकडे बघत उभा होता, दोन्ही हात पाठीमागे.

"एक साधी गोष्ट करू," विजयसिंह शक्य तेवढ्या शांतपणे म्हणाला. "दुसरं बोकडही तुम्ही सकाळी मोजलंय. पातेल्यातले तुकडे काढू, निथळू, वजन करू. तेही घटलेलं असणार. रश्श्यात दिसत नाही एवढंच."

"खबरदार," आई म्हणाली. "नैवेद्य दाखवलेल्या पातेल्यातलं मी काट्यावर ठेवू देणार न्हाय."

"आई, दोन मिनिटांचं काम आहे."

"तुझं दोन मिनिटांचं. देवीचा कोप आमाला वर्षभर."

विजयसिंहने हात वर केले आणि खाली टाकले. तेवढ्यात मांडवाच्या मागच्या बाजूने, कोण ते दिसलं नाही, आवाज आला, "आरं, ह्यो तर हायवेचा मांडीचोर."

दोघे-तिघे हसले. सुकन्याने आवाजाच्या दिशेने बघितलं, मग विजयसिंहकडे. बोलायचं ते तिने निमगावातच बोलून ठेवलं होतं. सिद्धूने खांद्यावरचं फडकं काढून परातीच्या कडेला ठेवलं आणि तो पिकअपकडे निघाला.

"थांब रं," कुणीतरी म्हणालं.

जोतीराम उठले होते. पणदऱ्याचेच, आप्पासाहेबांच्या वयाचे, चार एकर उसावर आयुष्य काढलेले. पानाची पिंक टाकून ते सावकाश काट्यापाशी आले.

"आप्पा, एक जुनी गोष्ट इचारू का?"

"जेवण हुतंय जोतीराम. नंतर."

"जेवणाचीच हाय. तुमी कारखान्यावर असताना माझा ऊस तुटला आन् वाहन येईना. तीन दिवस फडात पडून हुता. माझ्या अंदाजानं सोळा टन. काट्यावर भरला चौदा. मी तुमच्या ह्याच ओट्यावर आलतो. आठवतंय?"

"किती जण यायचे. कुणाकुणाचं आठवू?"

"मला आठवतंय. मी म्हणालो, दोन टन कुठं गेलं? तुमी काय म्हणाला?"

मांडवात बोलणं थांबलं होतं. बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी कधी ना कधी त्या ओट्यावर तोच प्रश्न विचारला होता आणि तेच उत्तर घेऊन ते घरी गेले होते.

"तुमी म्हणाला, पाणी उडालं, जोतीराम. ऊस उन्हात पडला की वाळतोय. काट्यात खोट न्हाय. चहा पाजला मला. मी चहा पिऊन घरी गेलो." जोतीरामांनी परातीकडे बोट केलं. "आता तीन दिवस उन्हात दोन टन उडत असंल, तर दिवसभर जाळाशेजारी सहा किलो उडंल का न्हाय, एवढंच सांगा. उडत नसंल तर ह्यो पोरगा चोर हाय. मी सोता धरून देतो. पण मग माझं दोन टन कुठं गेलं, त्येबी आजच बघू."

"माझं बी एक खेपंचं हाय," मागून कुणीतरी म्हणालं. मघाचाच आवाज असावा.

"आन् माझं."

आप्पासाहेब काट्याकडे बघत होते. त्यांना कात्रीत कुणी धरू शकत नाही असं विजयसिंहला लहानपणापासून वाटत आलं होतं. आता त्यांना एका बोकडाने धरलं होतं. सहा किलो चोरी म्हणावी तर मांडवातला प्रत्येक जण उद्यापासून आपापले टन मागणार. घट म्हणावी तर ओट्यावरच्या काट्यासमोर हरल्यासारखं. रस्सा गार होत होता आणि आईने तेही सांगून बघितलं.

"पाणीच उडालं," शेवटी ते म्हणाले.

"काय म्हणाला?" जोतीरामांनी कानामागे हात नेला. "मागच्यांना ऐकू आलं न्हाय."

"पाणी उडालं म्हटलं. बोकडाचंबी आन् उसाचंबी." ते सिद्धूकडे वळले. तो पिकअपच्या फाळक्याला धरून उभा होता. "ये. तुझा माल हाय, तूच वाढ. आन् परत कुणी त्या नावानं हाक मारली तर मला सांग."

सिद्धू आला. त्याने फडकं उचललं, सुरी पुसली आणि मांडी कापायला घेतली. सुरी लावायच्या आधीच हाड सुटून हातात आलं. कापाच्या कडेने बोटभर गुलाबी रेघ होती. पंगतीत लगेच कुजबूज सुरू झाली.

"कच्चं हाय वाटतं."

"न्हाय, गुलाबी हाय," गेणबा गरजला. त्याच्यावरचा डाग निघाला होता आणि आता त्याला कुणाला तरी दरडावायचं होतं. "धुरानं तसं हुतंय. बोटानं दाबून बघा. वरचं करपल्यालं न्हाय. गप खा."

आप्पासाहेबांनी पहिला तुकडा खाल्ला. चावले. दुसरा घेतला. विजयसिंह समोरच उभा होता. नऊ वर्षांचं काही तरी त्या एका ताटात होतं, असं त्याला वाटत होतं. आप्पासाहेबांनी वाटी पुढे ओढली, तिसरा तुकडा तांबड्या रश्श्यात पूर्ण बुडवला आणि खाल्ला.

"असं चांगलं लागतंय," ते म्हणाले. शेजारच्यानेही बुडवला. मग पंगत बुडवू लागली.

विजयसिंह सिद्धूपाशी जाऊन हळूच म्हणाला, "बघा काय करतायत. सांगा ना त्यांना काही तरी."

"काय सांगू? खात्यात की." सिद्धू कापत होता. "खरं सांगू का दादा, आजवर केल्यालं ह्ये सगळ्यात चांगलं निघालंय. निमगावला येऊन दोन वर्षं झाली, कुणी ना कुणी झाकण उघडतंयच. कधी गिऱ्हाईक, कधी हीच. आज पहिल्यांदा दिवसभर बंद राहिलं."

परातीत हाडं उरली तेव्हा पाहुण्यांतले तिघे सुकन्याभोवती जमले. एकाच्या घरी पुढच्या महिन्यात जावळ होतं, एकाची खंडोबाची जत्रा, तिसऱ्याला नुसतंच खायचं होतं. बोकड आमचं आणू, म्हणाले. आणि मग एकाने घसा साफ करून भर घातली, "काटाबी आमचाच आणू. राग मानू नका."

सुकन्याने सिद्धूकडे बघितलं. तो पाठमोरा होता, पण सुरी थांबली होती.

"बोकड आणा, काटा आणा," ती म्हणाली. "पण कुलूपबी तुमचंच आणा. ते नसंल तर पाटी वाचा."

सगळ्यांचं झाल्यावर विजयसिंह जेवायला बसला. आईने त्याच्यासाठी मानेचा एक तुकडा मुद्दाम बाजूला काढून ठेवला होता, खपलीसकट. तिने ताट पुढे ठेवलं. तुकड्यावर वाटीभर रस्सा ओतलेला होता आणि खपली मऊ पडून त्याच्यात तरंगत होती.

"कोरडंच ठेवलं हुतं त्या मेल्यानं," आई म्हणाली. "घशाखाली कसं उतरणार?"